सुई लावण्याआधी जाकीट अंगात घाला

या महिन्यातली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच कामाबद्दल आहेत: मोटरसायकलवर घालायच्या चामड्याच्या जाकिटावर पॅच, म्हणजे भरतकामाचे कापडी बिल्ले, शिवून घेणं. दरवर्षी असंच होतं. लडाख, स्पिती करून मंडळी परत येतात, कुणाची नोव्हेंबरातल्या गोव्याच्या मेळाव्याची तयारी चाललेली असते, आणि पुण्यात नाना पेठेतल्या माझ्या दुकानात पिशव्या येऊ लागतात. पिशवीत जाकीट आणि रबरबँड लावलेला पॅचचा गठ्ठा. रायडर या जाकिटाला ‘वेस्ट’ म्हणतात. मराठीत बिनबाह्यांचं ते जाकीट आणि बाह्यांचं ते जॅकेट, म्हणून मी जाकीटच लिहितो. चपला, बॅगा आणि सीट कव्हरचे प्रश्न पुढच्या अंकात घेईन.

मी नाशिकचा, वय ४७. पाच मित्र लडाखला जाऊन आलो. अकरा पॅच जमलेत. पाठीवरचा ग्रुपचा गोल दहा इंची आहे, बाकीचे लहान. आमच्या नेहमीच्या टेलरनं हात जोडले. कोपऱ्यावर चपला दुरुस्त करणारे काका म्हणतात, ठेवून जा, संध्याकाळी देतो. इतकं महागाचं जाकीट रस्त्यावर बसणाऱ्याकडे द्यायचा धीर होत नाही. काय करू?

त्यांच्याकडेच द्या. माझे वडील कोल्हापुरी चपला करायचे, त्यांची आरी आजही माझ्या खणात आहे आणि मी ती वापरतो. त्यामुळे ‘रस्त्यावर बसणारा’ हे शब्द वाचून मला थोडं लागलं, पण तुमची काळजी खरी आहे. म्हणून नीट सांगतो.

टेलरनं नाही म्हटलं ते प्रामाणिकपणानं. त्याचं मशीन कापडाचं. त्याची दाबपट्टी चामड्याला चिकटते, खालचे दात चामडं ओरबाडतात आणि गोल टोकाची सुई भोक पाडण्याऐवजी चामडं ढकलत बसते. चामड्याच्या सुईचं टोक धारदार असतं, ते कापत आत जातं. जाकिटाचं चामडं साधारण एक ते दीड मिलिमीटर जाड, त्यावर पॅचची जाडी. त्याला सोळा किंवा अठरा नंबरची चामड्याची सुई लागते. चपला दुरुस्त करणाऱ्यांकडे ती असते, आणि बहुतेकांकडे लांब नळीसारख्या हाताचं, चाक हातानं फिरवायचं मशीन असतं. त्याची दाबपट्टी चारी बाजूंना वळते. जाकीट न फिरवता नुसती पट्टी फिरवून गोल पॅच शिवता येतो, आणि खिशाच्या आत तो नळीसारखा हात घालून फक्त वरचा थर शिवता येतो. टेबलावरच्या महागड्या मशीनला हे जमत नाही.

पण एक काम काकांचं नाही, तुमचं आहे. पॅच कुठे बसायचा ते तुम्ही ठरवायचं, आणि तेही जाकीट अंगात घालून.

२००६ साली एका गिऱ्हाइकाचा पाठीचा गोल मी टेबलावर जाकीट पसरून, पट्टीनं मध्य काढून शिवला. टेबलावर तो अगदी मधोमध होता. गिऱ्हाईक आलं, जाकीट घातलं, बाहेर जाऊन गाडीवर बसलं आणि गोलाचा खालचा भाग कंबरेच्या चुणीत गेला. गरुड होता त्याच्यावर, त्याचे पंजेच दिसेनात. मी उसवला. दहा इंची गोलाचा घेर साडेएकतीस इंच, इंचाला सात टाके, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास भोकं. कापडाला सुईचं भोक पडलं तर ओलं करून इस्त्री फिरवली की धागे सरकून ते बुजतं. चामड्याला धागेच नसतात, पडलेलं भोक कायमचं. गोल दोन इंच वर सरकवला तरी खालच्या अर्ध्या भागात भोकांची चंद्रकोर उघडी राहणार होती. शेवटी पाठीचा अख्खा तुकडा माझ्या खर्चानं बदलून दिला. त्या दिवसापासून माझ्या दुकानात जाकीट अंगात घालून, गाडीवर बसून, दोन्ही हात हँडलवर ठेवल्याशिवाय मी खूण करत नाही.

घरी असंच करा. चामड्यावर टाचणी लावायची नाही, तिचंही भोक राहतं. पॅचच्या मागे कागदी चिकटपट्टीची गुंडाळी करून तो तात्पुरता चिकटवा आणि बायकोला किंवा मित्राला मागून फोटो काढायला सांगा: उभे असताना एक, गाडीवर बसून एक, बॅग पाठीला लावून एक. बॅगेचे पट्टे जिथे घासतात तिथे महत्त्वाचा पॅच नको, दोन सहलींत त्याचा गोट फाटतो. फोटो पाहून मन भरलं की खडूनं चार बाजूंना खुणा करा आणि पट्टी त्याच दिवशी काढा. दोन दिवस राहिली तर काही चामड्यांचा वरचा रंग घेऊन निघते.

काकांना तीन गोष्टी सांगा. दोरा पॉलिएस्टर किंवा बॉन्डेड नायलॉनचा हवा, सुती नको. रोज उन्हात गाडी चालवत असाल तर पॉलिएस्टर बरा, उन्हानं नायलॉन लवकर कमजोर होतो. टाका साडेतीन-चार मिलिमीटरचा हवा. बारीक टाका दिसायला छान, पण चामड्यात तो पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग पाडतो आणि ओढ बसली की तिकीट फाटावं तसं चामडं तिथेच फाटतं. तिसरं, शेवटी मशीन मागे-पुढे करून टाका पक्का करायचा नाही, तेच भोक दोनदा कापलं जातं. दोऱ्याची दोन्ही टोकं लांब सोडून मागच्या बाजूला ओढायची आणि गाठ मारायची. शिलाई जाड गोटावर न घालता गोटाच्या अगदी आतल्या खाचेत घातली तर टाका दिसतही नाही आणि घासलाही जात नाही.

आधी पाठीचा मोठा शिवून घ्या, मग पुढचे. अकराही एका दिवसात शिवायची घाई नको. तुमच्या फोटोत खारदुंग ला चा पॅच दिसतो, त्यावर १८,३८० फूट लिहिलंय. खिंडीतल्या जुन्या पाटीवर तोच आकडा होता, म्हणून पॅचवरही आला. प्रत्यक्ष उंची ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फुटांच्या जवळ भरते. शिवायचा की नाही तुम्ही ठरवा. माझ्या एका गिऱ्हाइकानं हे कळल्यावर तो पॅच घरी फ्रेममध्ये लावला, दुसऱ्यानं पाटीसमोरचा फोटो दाखवून हट्टानं शिवून घेतला. दोघांचंही मला पटलं.

आणि घासाघीस करू नका. मी लहान पॅचचे ऐंशी रुपये घेतो. पाठीचा मोठा अस्तर उघडून शिवायचा तर पाचशे, कारण त्यात अर्धा दिवस जातो. काकांनी कमी सांगितले तरी काम पाहून हातावर जास्त ठेवा.

काका, माझ्या पॅचच्या मागे इस्त्रीनं चिकटणारा गोंद आहे. आईच्या इस्त्रीनं बसवू का? नाहीतर फेव्हिक्विक लावू? (सांगलीहून, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष)

दोन्ही नको रे बाळा. तो गोंद वितळण्याइतकी इस्त्री तापवलीस तर खालचं चामडं आकसतं आणि कडक होतं, आणि ते परत मऊ होत नाही. फेव्हिक्विक वाळलं की काचेसारखं कडक होतं. जाकीट वाकलं की ते तडकतं, आणि निघताना चामड्याची साल घेऊन निघतं. चपलेला लावतात ते रबर सोल्यूशन चालेल, पण चार ठिपके, तेही शिवताना पॅच सरकू नये एवढ्यासाठी. नुसत्या सोल्यूशनवर पॅच टिकत नाही.

एक तपासून बघ. तू किंमत लिहिली आहेस, त्या किमतीत खरं चामडं मिळणं अवघड आहे. खिशाच्या आतली किंवा बटणाजवळची एखादी कापलेली कड शोध. कडेला बारीक, गुंतलेले केसासारखे तंतू दिसले तर चामडं. वर गुळगुळीत थर आणि खाली विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन. रेक्झिन असेल तर वाईट वाटून घेऊ नकोस, त्यावरही पॅच छान बसतो. फक्त टाका आणखी मोठा ठेवायला सांग आणि पॅचच्या मागे, आतून, जाड सुती कापडाचा तुकडा लावून दोन्ही एकत्र शिवून घे. ओढ कापडावर येते, रेक्झिनवर येत नाही.

मी ठाण्याची. चार वर्षं बुलेट चालवते. एका दुकानात पॅच शिवून घेतले, त्यांनी अस्तरासकट शिवलं. आतला खिसा बंद झाला, पाठीत अस्तर ओढलं जातं आणि छातीवरच्या पॅचला सुरकुती पडलीय. काही होऊ शकतं का?

होऊ शकतं. फोटो पाठवलात ते बरं झालं. यात दोन वेगळ्या चुका आहेत.

पहिली अस्तराची. चामडं ताणलं की जरासं लांबतं, अस्तर लांबत नाही. दोन्ही एकाच टाक्यात अडकवली की हालचाल केली की अस्तर ओढलं जातं आणि शेवटी खांद्यापाशी फाटतं. बरोबर पद्धत अशी: अस्तराची खालची शिवण एक वीतभर उसवायची, तिथून जाकीट आतून बाहेर काढायचं, पॅच फक्त चामड्यावर शिवायचा आणि अस्तर परत बंद करायचं. काही जाकिटांच्या अस्तराला पाठीत आतून चेन असते, ती याच कामासाठी. नवीन घेणाऱ्या वाचकांनी ती चेन आहे का पाहावं, आणि पाठ अखंड एका तुकड्याची आहे का तेही पाहावं. मधोमध उभी शिवण असली की तिच्यावर पॅच कधीच सपाट बसत नाही.

तुमचं काम उसवूनच करावं लागेल, पण भोकांची भीती नको. छातीवरचा सोडला तर प्रत्येक पॅच त्याच जागी परत बसणार आहे, म्हणून जुनी भोकंच वापरायची. यासाठी मशीन लावू देऊ नका. मशीनची सुई जुनी भोकं चुकवते आणि त्यांच्या शेजारी नवी पाडते, मग दोन भोकांमधली चामड्याची बारीक भिंत तुटते. हे हातानं करायचं. मी कसं करतो ते सांगतो, हवं तर कारागिराला तसं सांगा: ब्लेडनं पॅचच्या बाजूनं न कापता आतून, अस्तराच्या बाजूनं, दर चौथा टाका कापायचा. मग वरचा दोरा सरळ ओढला की सुटत जातो. दोऱ्याचे तुकडे चिमट्यानं एकेक काढायचे. पॅच जागेवर ठेवायचा, जुन्या भोकांतून आरीचं टोक नुसतं फिरवून घ्यायचं, दाबायचं नाही. मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना बोथट सुया ओवून एकाच भोकातून एक सुई इकडून, एक तिकडून घालत जायचं. प्रत्येक टाका सारख्याच जोरानं ओढायचा, हातानं करताना तेवढं एकच अवघड. चार इंची पॅचला मला पाऊण तास लागतो. ही शिलाई मशीनपेक्षा पक्की असते, कारण एक टाका तुटला तरी शेजारचा सुटत नाही.

दुसरी चूक पॅचच्या जागेची. बायकांच्या जाकिटाला छातीशी आकार देणारी शिवण असते आणि तुमचा पॅच नेमका तिच्यावर चढवलाय. खाली गोलाई, वर सपाट पॅच, सुरकुती पडणारच. तो पॅच तिथून काढावाच लागेल, आणि उघडी पडणारी भोकं झाकायला दुसरा काहीतरी हवा. त्या शिवणीच्या आतल्या बाजूला, बटणपट्टीकडे, अडीच इंचापेक्षा अरुंद असा उभा पॅच बसेल. तुमच्याकडे नसेल तर जाकिटाच्याच रंगाच्या चामड्याचा पानाच्या आकाराचा तुकडा कापून लावता येतो. माझ्याकडे तीन-चार जणींसाठी तसं केलंय. ते ठिगळ वाटत नाही.

आम्ही न्यू जर्सीत राहणारी आठ मराठी मंडळी, उन्हाळ्यात दर रविवारी गाड्या काढतो. पाठीसाठी तीन तुकडे करून घेतले: वर कमानीत ग्रुपचं नाव, मध्ये शिवाजी महाराजांची राजमुद्रा, खाली कमानीत ‘न्यू जर्सी’. इथला शिवणारा म्हणाला, मी हे शिवणार नाही, आधी चौकशी करा. त्याचं काय चुकलं की आमचं?

त्याचं काही चुकलं नाही. भेटलात तर त्याला माझा नमस्कार सांगा.

आपल्याकडे पॅच म्हणजे आठवण: कुठे गेलो, कुणाबरोबर गेलो. तुमच्या तिकडे पाठीवरचा पॅच म्हणजे ओळखपत्र, आणि तीन तुकड्यांची रचना ही एका विशिष्ट परंपरेची खूण आहे. वरच्या कमानीत क्लबचं नाव, मध्ये चिन्ह, खालच्या कमानीत इलाखा. खालच्या कमानीत राज्याचं नाव लिहिणं म्हणजे ‘हा इलाखा आमचा’ असं म्हणणं. जुन्या मोटरसायकल क्लबांत नवीन माणसाला हे तुकडे टप्प्याटप्प्यानं मिळतात. महिनोन्‌महिने, कधी वर्षभर राबल्यावर सगळ्या सभासदांनी मत दिलं की पाठ पूर्ण होते. ज्यानं ती तशी मिळवली त्याच्यासमोर तुम्ही बाजारातून करून आणलेली पाठ घालून उभे राहिलात तर त्याला राग येणं मला समजतं. तिथे त्यावरून माणसं जिवावर उठलेली आहेत.

याची मुळं जुनी. कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावात जुलै १९४७ मध्ये मोटरसायकलींचा मेळावा भरला, गर्दी आवरेना, दंगा झाला आणि देशभर बातम्या गाजल्या. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, हेल्स एंजल्स हा मोटरसायकल क्लब सुरू झाला. हॉलिस्टरनंतर अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशननं ‘नव्याण्णव टक्के चालक सरळमार्गी आहेत’ असं म्हटल्याची गोष्ट सांगतात. असं विधान केल्याची नोंद आपल्याकडे सापडत नाही, असं त्या संस्थेनंच नंतर सांगितलं. पण उरलेला एक टक्का आपणच, असं म्हणून काही क्लबांनी चौकटीत ‘१%’ लिहिलेला पॅच लावायला सुरुवात केली आणि तो अजूनही लावतात. असा पॅच इंटरनेटवर कुणालाही विकत मिळतो. गंमत म्हणूनही घेऊ नका. माझ्याकडे पुण्यातली मुलं तो घेऊन येतात, मी त्यांनाही हीच गोष्ट सांगतो आणि तो शिवत नाही. ‘एम. सी.’ (मोटरसायकल क्लब) ही दोन अक्षरं लिहिलेल्या छोट्या चौकोनाचंही तेच. हेल्स एंजल्सचं पंखवाल्या कवटीचं चिन्ह तर नोंदणीकृत आहे आणि त्यासाठी ते कोर्टातही जातात.

तुमचा मार्ग सोपा आहे. सगळं एकाच तुकड्यात आणा: गोल किंवा ढालीच्या आकारात, नाव आणि चिन्ह एकत्र, खालची कमान नाही, राज्याचं नाव पाठीवर नाही. एका तुकड्याचा पॅच म्हणजे नुसता चालवणाऱ्यांचा ग्रुप, हे तिथे सगळ्यांना कळतं. १९८३ पासून हार्ले-डेव्हिडसन गाड्या असलेल्यांचा, कंपनीनंच चालवलेला ग्रुप आहे, त्यांच्या पाठीही कुणाला खुपत नाहीत. आणि शिवण्याआधी तुमच्या भागातल्या जुन्या क्लबच्या एखाद्या माणसाला भेटा, चित्र दाखवा, विचारा. मान दिलात तर मान मिळतो.

आता राजमुद्रेबद्दल, माझं मत म्हणून. ती पाठीवर नको. पाठ खुर्चीला टेकते, भिंतीला घासते, हॉटेलात तुम्ही तिच्यावर रेलून बसता. मुद्रा छातीवर डाव्या बाजूला लावा. आणि अक्षरांचा विचार करा. अष्टकोनी मुद्रेवर ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’पासून सगळा मजकूर आहे. तो तीन इंचांत भरायचा म्हटलं तर भरतकामाच्या मशीनवर नुसते दोऱ्याचे ठिपके उमटतात. इंग्रजी अक्षर पाच-सहा मिलिमीटरचं असलं तरी वाचता येतं. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. माझ्या अनुभवात दहा मिलिमीटरच्या खाली ती एकमेकांत मिसळतात. दोन नमुने तुम्ही पाठवलेत, त्यांतल्या एकात ‘च्चं’चा नुसता गोळा झालाय. महाराजांची मुद्रा वाचता येत नसेल तर लावू नये. मजकूर हवाच असेल तर चामड्यावर ठसा उठवून घ्या, त्यात बारीक रेघाही स्वच्छ येतात. आणि तो चामड्याचा तुकडा मग जाकिटावर शिवा. आठ जणांचे आठ तुकडे लागतील. ठसा एकदाच करावा लागतो, त्यामुळे खर्चाचं फार वाटणार नाही.

रत्नागिरीला पावसाळ्यात जाकिटावर पांढरी बुरशी आली आणि लाल पॅचचा रंग खालच्या पिवळ्यात उतरला. धुवून टाकू का?

धुवू नका. बुरशी बाहेर मोकळ्या हवेत, नाकाला रुमाल बांधून कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. मग पाण्यात थोडा व्हिनेगर घालून, फडकं घट्ट पिळून एकदा फिरवा आणि सावलीत, पंख्याखाली वाळवा. पॅचच्या कडेखाली बुरशी राहते, तिथे जुना दातांचा ब्रश वापरा. वाळल्यावर चामड्याचं क्रीम अगदी थोडं, पॅचला न लागेल असं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात टांगून ठेवा.

उतरलेला रंग निघत नाही. पुढच्या वेळी लाल आणि गडद निळे पॅच शिवण्याआधी रात्रभर पाण्यात बुडवून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. फडकं रंगलं तर तो पॅच कोकणात घालायचा नाही.